बाजारात पिणारे आणि घरात पिणारे

गावात कुणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं की आधी माझ्या डोळ्यांकडं बघतं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, आणि पत्रिका बायकोच्या हातात देऊन जातं. सकाळची वेळ असली तरी हेच. मी दारू सोडली तेव्हा माझी थोरली लेक दप्तर पाठीवर टाकून शाळेत जायची. आता ती शिकून नोकरीला लागली, तिच्या लग्नाची बोलणी निघाली, तरी गावाच्या लेखी मी पितोच. याला माझा आवाज जबाबदार आहे. मला राग लवकर येतो आणि राग आला की आवाज चढतो. मी ओरडायला लागलो की लोक एकमेकांना खुणावतात, "लावून आलाय." न पितासुद्धा माणूस एवढं ओरडू शकतो, हे आमच्याकडं कुणाला पटत नाही.

मी हेडी होतो. हेडी म्हणजे बैलांचा दलाल. गंगाखेडच्या बाजारापासून आसपासचे सगळे बैलबाजार मी पायाखाली घातले. आमचा सौदा तोंडानं होत नसे. विकणारा आणि घेणारा यांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव बोलायचा. तोंडानं बैलाच्या खांद्याचं, शिंगांचं, नाही तर यंदाच्या कापसाचं काहीही बोलत राहायचं, म्हणजे भोवतीच्या गर्दीला भाव कळत नाही. बोटांतून आकडा कळतो, पण हात धरला की माणूसही कळतो. ज्याला विकायची घाई आहे त्याचा तळवा ओला असतो. जो नुसता भाव काढायला आलाय त्याची बोटं सैल असतात. उपरण्याखाली कुणाला खोटं बोलता येत नाही, असं माझं मत आहे. तोंडानं मात्र आम्ही सगळेच बोलत होतो.

सौदा जमला की घेणारा सगळ्यांना देशीच्या दुकानात न्यायचा. हा रिवाज होता, आणि त्यात अक्कलही होती. चार माणसांत बसून एकत्र प्याल्यावर दुसऱ्या दिवशी सौदा मोडायला कुणाचं तोंड होत नसे. आम्ही पाच-सहा हेडी ठरलेले. त्यातला एक मुसलमान होता, तो थेंबही घेत नसे, पण बैठकीला सगळ्यांच्या आधी हजर. सोड्याची बाटली समोर ठेवून आमचे फुटाणे संपवायचा आणि वर म्हणायचा, "तुमारा नशा तुमी करो, चखना हमारे जिम्मे." एकदा आम्ही असंच सौदा पक्का करत बसलो आणि इकडं विकलेली जोडी दावं सोडवून आपल्या जुन्या गावाला चालत निघून गेली. घेणारा म्हणाला, "सौदा माणसांना मान्य हाय, बैलांना न्हाई." मग आम्ही सगळे त्या बैलांच्या मागं. ते दोघे सरळ रेषेत चालले होते, आम्ही नव्हतो.

हे सगळं बाजारच्या दिवशी. बाजार उठला की पुढच्या बाजारापर्यंत थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतात, गोठ्यात, कामाला. दारूची आठवणही येत नसे. मला तर तिची चव कधी आवडलीच नाही. आवडायची ती बैठक. ज्यांना आम्ही पक्के बेवडे वाटत होतो त्यांनी आम्हाला फक्त बाजारात बघितलं होतं, आणि बाजारात मोठ्यानं बोलायचा आमचा धंदाच होता.

मग ट्रॅक्टर आले. एकेका गावात चार-पाच झाले, मग घरटी दिसायला लागले. बैल कमी झाले, बाजार आटला आणि आमची बैठक विरळ झाली. एकेक जण कसा सुटला ते मला नीट आठवतं. आमच्यातला एक बौद्ध समाजातला, दात बघून बैलाचं वय सांगावं तर त्यानंच. त्याला विहाराच्या कमिटीत घेतलं. पुढच्या बाजाराला तो आमच्यात बसला आणि ग्लास पालथा घालून म्हणाला, "पोरांसमोर बावीस प्रतिज्ञा म्हणायच्या आन खिशात क्वार्टर ठेवायची, हे मला जमंना." दुसऱ्याच्या घरात सून आली. सुनेनं एकदा ताट वाढून आणलं आणि नाकाला पदर लावला. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण तो गडी परत बसला नाही. तिसऱ्याला पित्त झालं. मी जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीत पडलो. तिथं गिऱ्हाईक मिस्त्रीला घेऊन येतं, इंजिन चालू करून कान लावतं, कागद बघतं, आणि सौदा चहावर होतो. मी दारू सोडली असं म्हणणं खरं नाही. ज्यांच्याबरोबर प्यायचो ते उठून गेले, मीही उठलो.

एक जण मात्र राहिला. बाजार मोडल्यावर तो बाजारात दिसेनासा झाला. आम्ही सगळे खूश. "सुधारला," म्हणालो, "सगळ्यात आधी हाच सुधारला." तो बाटली घरी न्यायला लागला होता. संध्याकाळी दार लावून एकटाच. त्याची बायको शेजाऱ्यांना सांगायची, तब्येत बरी नाही. आम्हाला कळलं तेव्हा दवाखान्यातही काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तेव्हापासून मला चार माणसांत ओरडणाऱ्या पिणाऱ्याची एवढी भीती वाटत नाही. जो दिसत नाही त्याची वाटते.

माझ्या सुटण्याचं श्रेय घ्यायला मात्र रांग लागली. बायको म्हणते तिचे सोमवार फळले. सासूबाई म्हणतात त्यांनी उशीत शिवलेला ताईत. आमचे जंगम महाराज म्हणतात भस्म. मेहुणा म्हणतो, त्यानं मला परभणीच्या ज्या डॉक्टरकडं नेलं त्या डॉक्टरनं. तो डॉक्टर दातांचा होता. एवढ्या वर्षांत मला मात्र कुणी विचारलं नाही की, बाबा, तुझं तू सांग, कसं झालं.

हे सगळं मी पचवलं असतं. अण्णाचं पचलं नाही.

अण्णा माझा चुलतभाऊ, माझ्याहून मोठा. आमचं घर महादेवाचं. गळ्यात लिंग, सकाळी अंघोळीनंतर हातावर लिंग घेऊन पूजा, कपाळाला भस्म, आणि चुलीवर कधी मांस नाही. गावात आमचं किराणा दुकान, वडील आणि चुलते मिळून चालवायचे. ते दोघे गेल्यावर एक दिवस घरच्या पूजेला सगळे जमलेले असताना, जंगम महाराज पाटावर बसलेले असताना, अण्णानं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "जो बाजारात बसून पितो, त्यानं दुकानाच्या गादीवर बसायचं न्हाई." मी त्या पाटासमोरून उठलो तो दुकानात परत गेलो नाही. त्यानंतर मी जे काही केलं, बैल, ट्रॅक्टर, दोन मजली घर, ते त्या गादीच्या जिवावर नाही केलं. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण गावात ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आणि आता ऐका. गेल्या काही वर्षांपासून अण्णा पितो. मला पहिल्यांदा बडीशेपेवरून कळलं. पूर्वी अण्णा बडीशेप कधी खात नसे, आता तोंडात सारखी. मग दुकानामागच्या गोदामात रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर एक फुलपात्र घेऊन जाणं. वहिनींनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. गावालाही दिसत नाही, कारण अण्णा हळू बोलतो. हळू बोलणारा माणूस पीत असेल असं कुणाला वाटत नाही. पंचायतीचा काही तंटा निघाला तर अजूनही अण्णाला बोलावतात. मला बोलावत नाहीत.

अशात लेकीसाठी पाथरीकडचं स्थळ आलं. मुलगा बियाणांच्या कंपनीत नोकरीला, घर आमच्यासारखंच महादेवाचं, पण पाळायला आमच्याहून कडक. दोघांनी फोनवर बोलून घेतलं होतं आणि लेकीच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं की बाजार तेजीत आहे. मध्ये मेहुणा होता. तो एक दिवस येऊन म्हणाला, "भाऊजी, मुलगी पसंत हाय. शिक्षण पसंत हाय. फक्त एक चौकशी राहिलीय."

"कशाची?"

"तुमची."

"माझी? लगीन माझं हाय का?"

"ओरडू नका. त्यांच्या कानावर गेलंय की तुमी घेता. मुलाच्या आत्यानं सांगितलं, पिणाऱ्याच्या घरी सोयरीक न्हाई करायची. त्या घरात शब्द त्यांचाच चालतो."

"मग येऊन मला विचारा म्हणावं."

"पिणारा कधी हो म्हणतो का? ते अण्णांना विचारणार हायत. गावात सगळ्यांनी त्यांचंच नाव सांगितलं."

मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या गच्चीवरून दोन डोकी वर आली. मेहुणा गेल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. ती माझ्यासारखी नाही, मोजकं बोलते. म्हणाली, "बाबा, मला तिथंच लग्न करायचंय. तुम्ही काही देऊ नका, काही आणू नका. फक्त चौकशी होईस्तोवर ओरडू नका."

तिनं आजवर माझ्याकडं हट्टानं काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णाच्या दुकानात गेलो. इतक्या वर्षांनी पायरी चढलो, पण गादीवर नाही बसलो, समोरच्या पोत्यावर बसलो. माझ्या डोक्यात सौदा तयार होता. तुम्ही माझ्याबद्दल खरं सांगा, मी तुमच्याबद्दल खरं सांगणार नाही. साधा, सरळ, दोघांच्या फायद्याचा सौदा. दुकानात तूरडाळ घ्यायला आलेली एक म्हातारी आणि बिडीचं बंडल घ्यायला आलेला एक शेतकरी. त्यांच्यासमोर हे बोलायचं कसं? मी खांद्यावरचा टॉवेल काढला, अण्णाच्या आणि माझ्या हातावर टाकला आणि त्याचा हात धरला.

"हे काय करायलास?" अण्णा म्हणाला.

"बोलायचंय. चारचौघांत नको."

शेतकरी हसला. "आप्पा, अण्णांना विकायलाव का घ्यायलाव?"

"दात बघून सांगतो," मी म्हणालो.

"दात कवळीचे हायत, त्याच्यावर जाऊ नका," म्हातारी म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. अण्णानं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. आणि हसता हसता मला ते कळलं. अण्णाचा हात थरथरत होता. म्हातारपणाची थरथर वेगळी असते, ती मला ठाऊक आहे, ती संथ असते. ही बारीक होती, आतून येणारी, चालू इंजिनावर हात ठेवल्यासारखी. सकाळी दुकान उघडून तासही झाला नव्हता. बाजारात एवढी वर्षं आम्ही पीत होतो, पण सकाळी आमच्यातल्या कुणाचा हात असा हलला नव्हता. असा हात मी एकदाच धरला होता. जो बाटली घरी न्यायला लागला होता, त्याचा.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मला कळलं हे त्याला कळलं. माझ्याकडचा सौदा तिथंच संपला. ज्याची नड एवढी आहे त्याच्याशी भाव करायचा नसतो. केला तर तो सौदा नाही, लूट आहे, आणि मी रागीट असेन, लुटारू नाही. मी टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला.

"काय बोलायचं होतं?" अण्णानं हळूच विचारलं.

"काही न्हाई. पाव किलो शेंगदाणे द्या."

तेवढ्यात दारात गाडी थांबली. एक ठेंगणी, तरतरीत बाई उतरली, कपाळाला भस्माचे ठळक पट्टे, हातात कापडी पिशवी. मागून एक उंच, गप्प गृहस्थ. चौकशीला आलेली माणसं मला ओळखू येतात. ती आल्या आल्या विचारत नाहीत, आधी काहीतरी विकत घेतात. बाईंनी शेंगदाण्यात हात घातला, दोन-चार दाणे चावून बघितले, म्हणाल्या, "खवट हायत."

"गंगाखेडहून कालच आणलेत," अण्णा म्हणाला.

"मग कालच खवट झाले." त्यांनी किलोभर घेतले, त्यातही भाव पाडून घेतला. मला ती बाई तिथंच आवडली. शेंगदाण्याची पुडी त्यांनी माझ्या शेजारी पोत्यावर ठेवली आणि मला विचारलं, "तुमी ह्याच गावचे का?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाला, "गिऱ्हाईक हाय. जरा कमी बोलतो."

आयुष्यात माझ्याबद्दल एवढं खोटं कुणी बोललं नव्हतं.

चहा आला. गृहस्थ मुलाचे मामा होते, बाई आत्या. दोघं माझ्याकडं पाठ करून बसले. आत्याबाई मुद्द्यावर आल्या. "ते ट्रॅक्टरवाले तुमच्या भावकीतलेच म्हणं?"

"चुलतभाऊ."

"माणूस कसा हाय?"

अण्णानं त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. "रागीट."

मी ओठ मिटले.

"रागीट म्हणजे?"

"म्हणजे लय रागीट. शेजाऱ्याचं कोंबडं अंगणात आलं तर कोंबड्याशी भांडतो. कोंबडं ऐकंना झालं तर शेजाऱ्याशी."

"व्यवहाराला?"

"गोड बोलून सोडणार न्हाई, कडू बोलूनबी सोडणार न्हाई. त्याच्याकडून जुना ट्रॅक्टर घेतलेला माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो, मी फसलो. आन वर्षभरानं सांगतो, ट्रॅक्टर चांगला निघाला."

मला कळेना, ही निंदा आहे का स्तुती. हाताला काहीतरी उद्योग पाहिजे म्हणून मी शेजारच्या पुडीतले दाणे तोंडात टाकायला लागलो. एक दाणा, राग गिळायचा. दुसरा दाणा, राग गिळायचा. अण्णा हळूहळू मजेत आला होता. माझं सगळं आयुष्य तो त्या बाईसमोर उलगडत होता आणि मी गप्प बसलोय याचा त्याला आनंद होत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर नसता तर मी ती पुडी त्याच्या डोक्यावर रिकामी केली असती.

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "आता खरं सांगा. पितात म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्यांचा आवाज पाथरीपर्यंत येतो."

"तो आवाजच हाय. दारू न्हाई."

"तुमी भाऊ. तुमी झाकणारच."

 अण्णानं गादीच्या मागं हात घातला आणि फुलपात्र काढून आत्याबाईंच्या समोर ठेवलं. त्याचा हात हलत होता, फुलपात्र लाकडावर टकटक वाजलं. रिकामं होतं, पण वास होता. मला पोत्यावर बसून आला.

"हे माझं हाय," अण्णा म्हणाला. "झाकायचं असतं तर आधी हे झाकलं असतं. तो पीत होता तवा सगळ्या बाजारासमोर बसून पीत होता, म्हणून सगळ्यांनी बघितलं. सोडली तवा बघायला कुणी गेलं न्हाई. मीबी न्हाई गेलो. आता त्या घरात कुणी पीत न्हाई. ह्या घरात मी पितो. सोयरीक त्या घराशी करायचीय तुमाला."

म्हातारी तूरडाळ घेऊन केव्हाच गेली असती, पण ती थांबून ऐकत होती. शेतकऱ्याची बिडी विझली होती. उद्या हे सगळ्या गावात होणार, हे मला दिसलं. आणि माझं भान सुटलं.

"अण्णा!" मी पोत्यावरून उठलोच. "काय करायलाव तुमी? कुणी मागितलं होतं हे? एवढ्या वर्षांची अब्रू अशी गादीवर काढून ठेवतात का? आन सोयरीक मोडली म्हणजे? त्या पोरीनं काय करायचं?"

आवाज बहुतेक गंगाखेडला गेला असावा. आत्याबाईंनी सावकाश वळून माझ्याकडं बघितलं. "कमी बोलणारं गिऱ्हाईक लय बोलतंय."

मामांनी त्या दिवशीचं पहिलं वाक्य उच्चारलं. "हेच ते."

आत्याबाई उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. "हा करा."

"काय?"

"तोंड उघडून हा करा."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, तालुक्यातल्या भल्याभल्यांना घाम फोडलेला. मी हा केलं. आत्याबाईंनी वास घेतला, शेतकऱ्यानंही मान पुढं केली.

"चहा," आत्याबाई म्हणाल्या. "आन शेंगदाणे." मग त्यांनी पोत्याकडं बघितलं. "माझ्या पुडीतले."

अण्णा हसायला लागला. मामा हसले. मीच हसलो नाही. आत्याबाईंनी पुडीतल्या उरलेल्या दाण्यांचा अंदाज घेतला, माझ्याकडून भरून घेतले, "कळवतो," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. कळवतो हा शब्द मी बाजारात हजार वेळा ऐकलाय. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

गाडी गेल्यावर अण्णानं दुकानात उभ्या असलेल्यांना हातानंच जायला सांगितलं. मी अजून रागात होतो. "पिणारा बाप चालत न्हाई, मग पिणारा चुलता कसा चालंल? माझ्यासाठी केलंत, आन माझंच बुडवलंत."

अण्णानं ते ऐकलंच नाही. फुलपात्राकडं बघत म्हणाला, "तू कशी सोडलीस रं?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तर तयार होतं, तावातावानं सांगायचं ठरलेलं होतं. आणि आता लक्षात आलं की माझं उत्तर अण्णाच्या काही कामाचं नाही. माझी बैठक उठली म्हणून मी उठलो. अण्णाची बैठकच नव्हती. तो एकटा, गोदाम आणि फुलपात्र. त्यातून कोण उठून जाणार?

"माझं सोपं होतं," मी म्हणालो. "तुमचं अवघड हाय. चला परभणीला."

"दातांच्या डॉक्टरकडं?"

"दुसरा बघू."

अण्णानं दुकान भर गिऱ्हाइकीच्या वेळी बंद केलं. वहिनी दारात आल्या, काय झालं म्हणून विचारलं. अण्णा म्हणाला, "ह्यानं मला घेतलंय." वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन अण्णाचा स्वेटर आणून दिला, ऊन असताना. मला वाटतं त्यांना काहीतरी हातात द्यायचं होतं.

परभणीला सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर भेटला. त्यानं अण्णाला हात पुढं करायला सांगितले, बोटं पसरायला लावली आणि बराच वेळ बघत राहिला. मला पटलं, याला हात कळतात. म्हणाला, रोज घेणाऱ्यानं आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, त्यानं झटके येऊ शकतात. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि येताना सोबत माणूस पाहिजे म्हणाला. "सोबत कोण येणार?" त्यानं विचारलं. "मी," मी म्हणालो. डॉक्टर दचकला. "अहो, हळू बोला. मला ऐकू येतं."

परत येताना पिंगळी पाटीवर, म्हणजे पिंगळीच्या फाट्यावर, चहाला थांबलो. अण्णा मागं बसून सगळ्या रस्त्यानं मला मोटारसायकल कशी चालवायची ते सांगत आला होता, त्यामुळं माझं डोकं तापलेलंच होतं. तेवढ्यात मेहुण्याचा फोन.

"भाऊजी, पसंत!"

मी फोन कानाला दाबून धरला. अण्णानं ग्लास खाली ठेवला.

"आत्याबाई म्हणल्या, बापाला आवाज हाय, पण वास न्हाई. मात्र एक अट घातलीय."

"अट?" माझा आवाज चढला. "मी कुणाची अट मानत न्हाई. काय अट?"

"लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात पाहुण्यांना गंध लावायला अण्णांनीच उभं राहायचं. सकाळपासून. पहिलं गंध आत्याबाईंना. म्हणल्या, ओठावर आलं न्हाई पायजे, कपाळावर सरळ लागलं पायजे."

मी अण्णाला सांगितलं. त्यानं आपला हात टेबलावर पालथा ठेवला आणि आम्ही दोघं त्या हाताकडं बघत राहिलो. गोळीनं थोडा शांत झाला होता, थोडाच.

"तारीख कधीची म्हणतात?" अण्णानं विचारलं.

"तुळशीच्या लग्नानंतर लगेच."

मी आयुष्यभर सौदे लवकर मिटवले. लांबलेला सौदा नासतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या दिवशी पिंगळी पाटीवर उभा राहून मी मेहुण्याशी उलटा भाव करायला लागलो. तुळशीचं लग्न जमणार नाही. संक्रांतही नको, थंडीत पाहुण्यांचे हाल होतात. मेहुणा म्हणाला, उन्हाळ्यात तर जास्त हाल. मी म्हणालो, आमच्याकडं मांडव मोठा असतो. तो म्हणाला, कारण सांगा. मी म्हणालो, कारण सांगून सौदा करायची माझी पद्धत नाही. हॉटेलवाला भजी तळायचं सोडून ऐकायला लागला.

अण्णानं माझ्या हातातून फोन घेतला. आपल्या त्या हळू आवाजात म्हणाला, "आत्याबाईंना सांगा, गंध लावायला मी उभा राहतो. पण ह्या हाताला जरा वेळ द्या. महाशिवरात्रीनंतरची तारीख धरा."

पलीकडं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. अण्णा नुसता हं, हं करत होता. मग त्यानं फोन बंद करून माझ्याकडं दिला.

"धरली," तो म्हणाला.

"काय सांगितलं त्यानं?"

"आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणल्या, एवढं सरळ मागायचं होतं तर त्या आरडणाऱ्याला कशाला बोलू दिलं."

मी चहाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली. आता दर आठवड्याला एकदा आम्ही परभणीला जातो. मध्ये अण्णा दोनदा घसरला, दोन्ही वेळा त्यानंच मला येऊन सांगितलं, आणि दोन्ही वेळा मी एवढा ओरडलो की गावानं पुन्हा माझ्याचबद्दल काय ते ठरवलं. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अण्णा दुकान वहिनींवर सोपवून माझ्या ट्रॅक्टरांच्या आवारात येऊन बसतो. जुन्या हेड्यांतले दोघं-तिघं येतात, सोड्याची बाटली घेऊन तोही येतो, आणि लेक घरातून एक आरसा, गंधाची वाटी आणि काडी आणून देते. अण्णा आमच्या कपाळांवर सराव करतो. काल माझं गंध भुवईपर्यंत गेलं. मुसलमान हेडी म्हणाला, "अण्णा, ये आदमी हिलता है, तुमारा हाथ नहीं." मी मुळीच हललो नव्हतो. पण मी ओरडलो नाही. मान पुढं करून म्हणालो, "पुसा आन परत लावा."